दहा वाजताचं पुण्याचं भाडं

मी विमानाची भाडी ठरवते, हे मी लग्नकार्यात कुणाला सांगत नाही. एकदा इथंच हैदराबादेत हिमायतनगरला मामाच्या घरी सत्यनारायणाला चुकून बोलून गेले. प्रसादाचा द्रोण हातातच राहिला आणि चार बायकांनी मला कोपऱ्यात घेतलं. एकीला बेंगळुरूचं हवं होतं, दुसरीला दुबईचं. तिसरीला नुसतं भांडायचं होतं, कारण तिनं सकाळी पाहिलेलं भाडं नवरा जेवून उठेपर्यंत अकराशेंनी वाढलं होतं. "असं का करता गं तुम्ही लोक?" ती म्हणाली. चौथीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू गॅसच्या टाकीत वजन मारणारी बाई मीच. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी 'कंप्युटरवर काम करते' असं सांगते. हैदराबादेत या उत्तरावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

खरं तर भाडी ठरवणं हे फार मोठं बोलणं झालं. आमची कंपनी लहान, स्वस्त तिकिटांची, पाण्याची बाटलीसुद्धा विकत देणारी. मी हायटेक सिटीत एका नवव्या मजल्यावर बसते. माझ्याकडे पाच मार्ग आहेत, त्यात हैदराबाद-पुणे सगळ्यात कटकटीचा. एका विमानात एकशे ऐंशी खुर्च्या. लोकांना वाटतं सगळ्या सारख्या. बसायला सारख्याच आहेत म्हणा, गुडघे सगळीकडेच आखडतात. पण आम्ही त्यांचे दहा-बारा कप्पे पाडतो. पहिल्या कप्प्यात थोड्याच खुर्च्या, स्वस्तातल्या. त्या संपल्या की दुसरा कप्पा, जरा महाग. असं चढत चढत शेवटच्या कप्प्यापर्यंत, जिथलं भाडं बघून माणूस आधी देवाचं नाव घेतो आणि मग कार्ड काढतो. कुठला कप्पा कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, एवढंच माझं काम. आता खालच्या कप्प्यात चारच खुर्च्या उरल्यात आणि पाच जणांचं कुटुंब एकदम शोधायला आलं, तर पाचही जणांना वरच्या कप्प्याचं भाडं दिसतं. एकेकटे आले असते तर चौघं स्वस्तात गेले असते. पण आपल्या लोकांना सगळ्यांनी मिळून निघायची फार हौस.

शिवाय हे मी माझ्या मनानं करते असंही नाही. समोरची एक कंपनी आहे. तिचीही विमानं आमच्याच वेळांच्या आसपास पुण्याला उडतात. त्यांची भाडी दर थोड्या वेळानं माझ्या पडद्यावर येतात आणि माझी त्यांच्या. तिथेही माझ्यासारखंच कुणीतरी बसलेलं असणार. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, तो 'तो' आहे की 'ती' हेही मला माहीत नाही, पण त्याच्या सवयी मला माझ्या जावेच्या सवयींपेक्षा जास्त ठाऊक आहेत. तो दीड ते अडीच जेवतो, कारण त्या तासात तिकडचं काही हलत नाही. सोमवारी सकाळी त्याचं डोकं फिरलेलं असतं. मी पन्नास उतरवले की तो शंभर उतरवतो. मी चढवले की जरा थांबतो, पाणीबिणी पीत असावा, आणि मग तोही चढवतो. एकदा मी यंत्राला सांगून ठेवलं होतं की समोरच्यापेक्षा पन्नास रुपये खाली राहायचं. त्यानंही आपल्या यंत्राला बहुधा तेच सांगितलेलं होतं. मी कॉफी घेऊन जागेवर येईपर्यंत पुण्याचं भाडं इतकं खाली गेलं होतं की तेवढ्या पैशांत ऑफिसपासून शमशाबादच्या विमानतळापर्यंत टॅक्सी आली नसती. साहेबांनी आत बोलावलं. ते विजयवाड्याकडचे. त्यांना राग आला की त्यांचा आवाज हळू होतो. त्या दिवशी मला काही ऐकूच आलं नाही.

आणि अशा मुलीचे वडील रेल्वेतले. तारनाक्याला राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी सिकंदराबादच्या ऑफिसात भाडेतक्ते तपासले. इतके किलोमीटर, हा वर्ग, इतके रुपये. दुसरं शास्त्र त्यांना मान्य नाही. आमचं गाव नांदेडकडचं. शेती चुलत्यांकडे, वडील शिकले म्हणून इकडे आले. मी लहान असताना पाहुण्यांसमोर मला पाढे म्हणायला लावत नसत, भाडी म्हणायला लावत. मुदखेड, धर्माबाद, निजामाबाद, कामारेड्डी, सगळी दुसऱ्या वर्गाची. पाहुणे कंटाळून चहा संपवायचे. वडिलांच्या मते भाडं म्हणजे दिलेला शब्द. एका ठिकाणी चढून एका ठिकाणी उतरणाऱ्या, एका बाकावरच्या माणसांनी सारखेच पैसे दिलेले असले पाहिजेत, नाहीतर ती डबा उघडून एकमेकांना पोळी कशी देतील, असा त्यांचा सवाल होता. 

मी या नोकरीत लागले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं खरं भाडं किती?"

"खरं म्हणजे?"

"म्हणजे पुण्याचं. किलोमीटरला किती पडतंय?"

मी त्यांना सोपं करून सांगायला गेले. म्हटलं, "बाबा, गौलीगुड्यात बसअड्ड्याबाहेर दोन केळीवाले शेजारी शेजारी गाड्या लावून असतात. एक जण दुसऱ्याचा भाव ऐकून आपला भाव सांगतो. तसंच आमचं."

"हौ. पण संध्याकाळच्याला केळी काळी पडली की ते स्वस्त देतेत. तुम्ही?"

"आमची शेवटची खुर्ची सगळ्यात महाग असते."

वडिलांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. मग आईला म्हणाले, "ऐकलीस का? ह्यांच्यात शिळं महाग अन् ताजं स्वस्त. एवढं शिकिवलं हिला."

हे सगळं गमतीगमतीत चाललं असतं. पण गेल्या दिवाळीला वडिलांना पुण्याला जायचं होतं.

पुण्याला माझी आत्या असते. वडिलांहून आठ वर्षांनी मोठी, ते तिला अक्का म्हणतात. आजी लवकर गेली. वडिलांना न्हाऊ घालणं, शाळेत घालणं, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणं, सगळं आत्यानं केलं, आणि तेव्हा ती स्वतःच परकर-पोलक्यात होती. वडील भाऊबीजेला तिच्याकडे गेले नाहीत असं एकही वर्ष मला आठवत नाही. रात्रभर गाडीत बसून जायचे, ओवाळून घ्यायचे, जेवायचे, आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत. पण उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रात्रभराचा प्रवास बंद केला. तिकडे आत्या श्रावणात न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून कॉटवरच आहे. नवरात्रात तिचा फोन आला. वडिलांनी स्पीकर लावला होता म्हणून आम्हीही ऐकलं. "या वर्षी ये रे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

फोन ठेवल्यावर वडील म्हणाले, "बायका म्हणतेतच असं." पण ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

म्हणजे विमानच. आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवसाचं हैदराबाद-पुणे विमान म्हणजे नेमकं माझ्या हातातलं. कुणालाही वाटेल, मग काय अडचण आहे? घरच्या माणसांना आमच्याकडे सवलतीचं तिकीट मिळतं, पण खुर्ची रिकामी उरली तरच. आणि दिवाळीत खुर्ची रिकामी उरू न देणं याचाच मला पगार मिळतो. पैसे मी भरते म्हटलं तर वडील म्हणाले, बहिणीकडं माणूस आपल्या पैशानं जातो. एक मिनिटभर खालचा कप्पा उघडावा असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण त्या मिनिटात वडील ओटीपी वाचायला चष्मा शोधत बसले असते आणि ती खुर्ची तिसऱ्याच कुणीतरी नेली असती. माझी नोकरी गेली असती ती वेगळीच.

"मग काढा तिकीट," मी म्हटलं. "आज साडेचार हजार आहे. पुढे वाढेल."

"वाढंल? का म्हणून? पुणं लांब जायलंय का?" ते म्हणाले. "खरं भाडं कळल्याबिगर मी तिकीट काढत नसतो."

आईला या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तिचा भाऊ हिमायतनगरहून भाऊबीजेला सिटीबसनं येतो आणि येताना चारोळीची बर्फी आणतो.

दसरा झाला आणि माझ्या पडद्यावर एक विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी ठीक दहा वाजता, भाऊबीजेच्या आदल्या दिवसाच्या त्याच विमानात पन्नास-साठ खुर्च्या एकदम धरल्या जायच्या. धरल्या जायच्या म्हणजे असं, की कुणी तिकीट काढता काढता पैसे भरायच्या पानावर पोचलं, की त्याच्या खुर्च्या आम्ही पंधरा मिनिटं बाजूला ठेवतो. त्यानं पैसे भरले तर त्याच्या, नाही भरले तर परत विक्रीला. आता एकशे ऐंशीतल्या साठ खुर्च्या एका मिनिटात गेलेल्या दिसल्या तर माझ्या जागी कुणीही काय करील? खालचे कप्पे मिटून वरचा उघडील. मी तेच केलं. सव्वादहाला त्या साठही खुर्च्या परत यायच्या, तेव्हा मला वाटायचं की सणाच्या गर्दीत लोकांच्या बँका अडकल्या असतील. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

साहेब तर हरखून गेले. "पाहा, किती गरज आहे लोकांना," ते मोठ्या आवाजात म्हणाले, म्हणजे खूश होते. "पैसे भरता येत नाहीत तरी रोज परत येतात. चढवा!" मी चढवलं. समोरच्यानं पाणीबिणी पिऊन चढवलं. त्याचं चढलं म्हणून मी आणखी चढवलं. साडेचार हजारांचं भाडं दहा दिवसांत नऊ हजारांवर गेलं. साहेबांनी मीटिंगमध्ये माझ्या भाड्याची चढती रेघ सगळ्यांना दाखवली आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

संध्याकाळी वडिलांचा फोन ठरलेला.

"आज सहाशेनं वाढविलीस."

"मी नाही बाबा, मागणी आहे. लोक तुटून पडलेत."

"कोण लोक हायेत हे? मला भेटव एकदा."

"असतील आयटीवाले. मला काय माहीत."

"त्यांना काय दुसरं विमान नाही? म्हाताऱ्या माणसाच्या वाटंत येऊन पडलेत सगळे!"

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आईनं मला चकल्यांना बोलावलं. सणाच्या दिवसांत आमची सुट्टी नावापुरती असते, म्हणून मी लॅपटॉप घेऊनच तारनाक्याला गेले आणि जेवणाच्या टेबलावर पिठाच्या पराती सरकवून तो मांडला. साडेनऊपासून दारात चपला वाढायला लागल्या. एकेक करून वडिलांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र येऊन हॉलमध्ये बसले. सगळे रेल्वेतले, सगळे निवृत्त. त्यात वरंगळकडचे एक स्टेशनमास्तर अंकल होते, आणि परभणीचे एक गार्डकाका, ज्यांच्या घरून बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा डबा दरवर्षी आमच्याकडे येतो. वडील धरून सात जण. "काय आहे आज?" मी आईला विचारलं.

"रोजचंच हाय," आई म्हणाली आणि सोऱ्यात पीठ भरू लागली.

दहाला पाच कमी असताना हॉलमधलं बोलणं बंद झालं. मी पडद्याकडे डोळे लावून बसले होते, कारण माझीही वेळ तीच. मधे फक्त एक पडदा, खऱ्या कापडाचा. पलीकडून स्टेशनमास्तर अंकलचा आवाज आला, "रेडी... रुको, रुको... डालो!"

आणि माझ्या लॅपटॉपवर त्रेसष्ट खुर्च्या धरल्या गेल्या.

"आले!" मी म्हटलं आणि कप्पा चढवला.

"बढ़ गया!" हॉलमध्ये कुणीतरी ओरडलं. "नऊ हजार चारशे!" हा वडिलांचा आवाज. "म्या म्हनलो नव्हतो का? समोरच्याचं बघा, समोरच्याचं!"

समोरच्याचंही अर्ध्या मिनिटात वाढलं. तेव्हा मी आणखी एक कप्पा चढवला. "फिर बढ़ा!" हॉल पुन्हा ओरडला.

आई हातात सोऱ्या धरून मधल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यापलीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईनं कंप्युटरला कधी हात लावलेला नाही. "अगं," ती म्हणाली, "तू दाबायलीस अन् तिकडं ते ओरडायलेत."

मी उठून हॉलमध्ये गेले. सात म्हातारे अर्धगोल करून बसलेले, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पाच मोबाइलवर आमच्या कंपनीचं पैसे भरायचं पान आणि उलटं चालणारं घड्याळ. दोघांनी मघाशी आमचं करून आता समोरच्या कंपनीचं पान उघडलेलं. प्रत्येकात नऊ नऊ प्रवासी. मी वडिलांच्या हातातून मोबाइल घेतला आणि नावं वाचली. त्यात आई होती. मी होते. माझी मुलगी होती. नवव्या जागी स्टेशनमास्तर अंकलचे सासरे होते, जे वारले त्याला दहा वर्षं झाली; नऊ भरायला माणसं कमी पडत होती म्हणून घेतलेले.

"बाबा, हे काय आहे?"

"खरं भाडं काढायलोत," वडील शांतपणे म्हणाले.

"रोज? दहा वाजता?"

"रेल्वेचं तत्काळ दहालाच उघडतंय. जे काय स्वस्तातलं असंल ते दहालाच सोडतील की."

"आणि नऊ माणसं कशाला?"

"थोकाचा भाव बघायला. बेगमबाजारात एक नग घेतला तर एक भाव, नऊ घेतले तर कमी. इथं नऊ टाकले की उलटं जास्त दाखवायलंय. अन् पहिल्या पानावरचं भाडं खोटं असतंय, खरं शेवटच्या पानावर कळतंय, म्हणून तिथपर्यंत जायचं अन् माघारी फिरायचं. रोजचं लिहून ठिवलंय मी."

मी तिथंच वेताच्या मोढ्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. कप्पे, धरलेल्या खुर्च्या, पंधरा मिनिटं, समोरचा माणूस, साहेब, रेघ.  शेवटी स्टेशनमास्तर अंकलनी चष्मा काढून पुसला. "मतलब क्या अम्मा," ते म्हणाले, "बढ़ाए सो हमीच?"

"हौ अंकल. आप लोगां डाले, और मैं बढ़ाई."

"मग ते आयटीवाले?" वडिलांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा."

आधी गार्डकाका हसले. मग आई. हसता हसता तिला दाराला धरावं लागलं. "माझं नाव दहा दिवसांत किती येळा पुण्याला जाऊन आलं," ती म्हणाली, "अन् मी इथं चकल्या पाडायलेय!" मग सगळेच हसायला लागले, मीही. माझ्या बापानं मला दहा दिवस फसवलं होतं, मी त्याला दहा दिवस लुटत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण फार सावध आहोत.

वडील मात्र हसले नाहीत. सगळ्यांचं हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या दहा दिवसांत खरोखरीची तिकिटं कुणी काढली का?"

"काढली."

"किती जणांनी?"

मी आत जाऊन पाहून आले. "एक्केचाळीस."

"वाढीव भाड्यानं?"

"हो."

"त्यांचे पैसे माघारी देता येतेत का?"

"नाही बाबा. त्यांनी दिसलेलं भाडं मान्य करून भरलं."

"आम्ही आठ आण्याचा फरक निघाला तरी प्रवाशाला पत्र घालत होतो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. पण त्यांचा चेहरा मला बघवेना. ते एक्केचाळीस लोक आमच्या हॉलमध्ये येऊन उभे राहणार असावेत तसे वडील दाराकडे बघत बसले होते. त्यांना माणसं दिसत होती. मला दहा दिवस फक्त चढती रेघ दिसली होती आणि ती बघून मी खूश होते. मला लाज वाटली, ती अजूनही वाटते.

"आता तरी उतरिव," ते म्हणाले.

मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हटलं की दहा वाजताची मागणी खोटी निघाली, भाडं खाली आणू या. साहेबांचा आवाज एकदम हळू झाला. समोरचा उतरला का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग आपण कशाला, म्हणाले.

"काय म्हनले?" वडिलांनी विचारलं.

"समोरचा उतरल्याशिवाय उतरायचं नाही."

"मग त्यो का उतरंना?"

"तो म्हणत असेल, ही उतरली नाही."

"म्हणजे दोघंबी एकमेकांकडं बघत वरच बसणार?"

"हो."

"ते आयटीवाले खरे नसताना?" असं ते म्हणाले. मग उठले, कपाट उघडलं आणि बँकेचं कार्ड घेऊन आले. "काढ. ह्याच भाड्यानं काढ."

"बाबा, दोन दिवस थांबा. उतरेल कदाचित."

"लोकांनी भरलं ते म्या बी भरतो. वाढविलं म्या, अन् स्वस्तात जाऊ म्या? काढ म्हनलो ना."

तिकीट काढायला अकरा मिनिटं लागली, त्यातली सात चष्म्याची. बाकीचे सहा जण आपापले मोबाइल खिशात घालून बसले होते, चुकून कुणाचं बोट लागू नये म्हणून. तिकीट आल्यावर गार्डकाकांनी टाळी वाजवली आणि आईनं सगळ्यांना कढईतल्या पहिल्या चकल्या दिल्या. मंगळवारी जेवून आल्यावर समोरच्यानं एकदम दोन हजार दोनशे उतरवले आणि मीही उतरवले. वडिलांना ते कळलं असणार, कारण स्टेशनमास्तर अंकलना राहवत नाही. पण त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला नाही.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी त्यांना विमानात बसवून दिलं, म्हणजे आत जाऊ देतात तिथपर्यंत पोचवलं. आत्यासाठी ठेवलेल्या चकल्यांचा डबा ते मांडीवर धरून बसले असणार. पुढचं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. विमान उडाल्या उडाल्या त्यांनी आपल्या रांगेतल्या सगळ्यांना भाडं विचारलं. सहा जण, सहा भाडी. खिडकीतल्या पोरीनं सगळ्यात जास्त भरलं होतं. ती कुकटपल्लीच्या हॉस्टेलवर राहून शिकत होती आणि दिवाळीला घरी निघाली होती. वडील तिला हिंदीत म्हणाले की बेटी, तुझं तिकीट माझ्यामुळं महाग झालं, मला माफ कर. तिला वाटलं आजोबांना काहीतरी होतंय. तिनं घंटी दाबून विमानातल्या बाईंना बोलावलं. बाईंनी पाणी आणलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, याचं वडिलांना फार नवल वाटलं. मग त्यांनी डबा उघडला आणि सहाही जणांनी चकल्या खाल्ल्या. "भाडं येगळं असलं तरी खातेत लोक," ते मला म्हणाले. पोळीच्या जुन्या सवालाचं उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं होतं.

 मी विचारलं, "आत्या कशी आहे?"

"बरी हाय. धरून बसती केली, मग ओवाळली तिनं. हात कापतेत."

"मग?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. ओवाळून झाल्यावर आत्यानं विचारलं, विमानाचे किती पडले रे? वडिलांना भाड्याच्या बाबतीत खोटं बोलता येत नाही. त्यांनी आकडा सांगितला. आत्यानं कपाळावर हात मारला. एवढे पैसे घालून कशाला आलास म्हणून रागावली, मग त्यांचा हात धरून ठेवला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "रेल्वेत होतास तर तुला जन्मभर पास होता. सगळं फुकट होतं. मग वर्षातनं एकदाच का रे येत होतास?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार," वडील म्हणाले. मागे आत्याच्या घरातला कुकर शिट्ट्या मारत होता. मीही तारनाक्याला बोलावल्याशिवाय जात नाही आणि माझ्या ऑफिसापासून ते पंचवीस किलोमीटरसुद्धा नाही.

"एक काम कर," ते म्हणाले. "अजून एक तिकीट बघून ठिव पुण्याचं."

"कधीचं?"

"सणावाराचं नको. असंच. काही नसतानाचं."

काही नसतानाचे दिवस आमच्याकडे सगळ्यात स्वस्त असतात, कारण त्या दिवशी कुणी कुणाकडे जात नाही. मी त्यांना भाडं सांगायला लागले, तर ते म्हणाले, राहू दे, ते नको सांगू, तारीख सांग.